घड कोण भरतं? केळीच्या बागेत अन्न आणि पाण्याची वाट शोधण्याची कृती

केळीची निसवण (कमळ, म्हणजे केळफूल, बाहेर पडणं) सुरू झाली की जळगावकडच्या रावेर-यावल पट्ट्यातल्या कुठल्याही कृषी केंद्रात एकच प्रश्न ऐकू येतो: “घड फुगायला काय सोडू?” मग पिशव्या येतात, बाटल्या येतात, ड्रममध्ये पावडरी कालवल्या जातात. प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धा आहे. घडात भरणारा माल पिशवीतून येत नाही. तो पानात तयार होतो आणि पानापासून घडापर्यंत पोचवावा लागतो. खत हे त्या कामाला लागणारं साहित्य. ते भरपूर टाकलं आणि पानंच निकामी असली, किंवा पोचवणारी वाट अडली, तर पैसे मातीत जातात.

पान अन्न कसं करतं, पाणी वर कसं चढतं आणि साखर खाली कशी उतरते, हे सगळं शाळेत शिकवलेलं असतं आणि परीक्षेनंतर विसरलेलं असतं. ते घरच्या घरी, फार खर्च न करता पुन्हा पाहता येतं. खाली त्याची कृती आहे, आणि त्यावरून बागेत काय बदलायचं तेही. उदाहरणं मुख्यतः केळीची घेतली आहेत. कपाशी, ज्वारी आणि महू (मोह) गरजेपुरते येतील.

आधी केळीचं अंग ओळखा

केळीचं खोड म्हणून आपण ज्याला हात लावतो ते खोड नसतंच. एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांचा तो खांब आहे. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. घड उतरवलेलं एखादं झाड आडवं कापून पाहा. बाहेरून आत एकेक पदर दिसेल, प्रत्येक पदरात हवेच्या पोकळ्यांची जाळी, आणि अगदी मध्यभागी पांढरा भरीव दांडा. हा दांडा झाडाच्या वाढीत फार उशिरा येतो. कंदाच्या टोकाशी असलेला कोंब कित्येक महिने फक्त पानं काढत राहतो, पोग्यामागून पोगा (गुंडाळीतलं नवं पान). मग एक दिवस तो फुलावर येतो, दांडा खांबाच्या पोटातून वर चढतो आणि कमळ बाहेर पडतं.

त्यानंतर त्या झाडाला नवीन पान येत नाही. माझ्या मते केळीच्या सगळ्या शास्त्रात बागायतदाराने पाठ करावी अशी हीच गोष्ट. कमळ दिसलं त्या दिवशी झाडावर जेवढी हिरवी पानं आहेत, तेवढ्यावरच पुढचे साधारण तीन ते चार महिने घड पोसायचा आहे. थंडीत याहून जास्त दिवस लागतात.

म्हणून पहिलं काम मोजणीचं. बागेच्या वेगवेगळ्या भागांतली दहा झाडं निवडा आणि त्यांना फीत बांधा. कमळ दिसेल त्या दिवशी हिरवी, निम्म्याहून जास्त निरोगी असलेली पानं मोजून वहीत लिहा. आठपेक्षा कमी भरली तर घड हलका राहणार हे धरून चाला. दहा-बारा असली तर उत्तम. कापणीच्या दिवशी पुन्हा मोजा. या दोन आकड्यांमधला फरक जिथे मोठा, तिथे करपा (पानं डागाळून वाळवणारा रोग), वारा किंवा पाणी यांपैकी एकाने घात केलेला असतो.

पान अन्न करतं, हे डोळ्यांनी पाहा

बेल्जियममधल्या व्हान हेल्मोंट यांनी कुंडीत वाळुंजाचं झाड लावून पाच वर्षं फक्त पाणी घातलं. त्यांचा हा प्रयोग १६४८ मध्ये प्रसिद्ध झाला. झाडाचं वजन १६४ पौंडांनी वाढलं, मातीचं मात्र जेमतेम दोन औंसांनी घटलं. झाड पाण्याचंच बनतं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो अर्धाच बरोबर होता. हवा त्यांच्या हिशेबातून सुटली. पुढे १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ यांनी दाखवून दिलं की हे काम फक्त झाडाचे हिरवे भाग करतात, आणि तेही उजेडातच.

आज माहीत असलेला हिशेब असा आहे. कार्बन डायऑक्साइडचे सहा रेणू आणि पाण्याचे सहा रेणू खर्ची पडले की साखरेचा एक रेणू तयार होतो आणि ऑक्सिजनचे सहा रेणू बाहेर पडतात. बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातून सुटलेला असतो. हे सगळं घडवतं ते हरितद्रव्य, आणि त्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. मॅग्नेशियम कमी पडलं की जुनी पानं पिवळी पडतात, ती याचमुळे.

तपासायचं असेल तर कुंडीतली जास्वंद घ्या. साधन म्हणून औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन किंवा पोव्हिडोन आयोडीन चालतं.

१. कुंडी दोन दिवस पूर्ण अंधारात ठेवा. पानात साठलेला स्टार्च तेवढ्यात संपतो.

२. एका पानाच्या मधोमध, वरून आणि खालून, काळ्या कागदाची पट्टी क्लिपने लावा. कुंडी सकाळच्या उन्हात चार-पाच तास ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यातलं दुपारचं ऊन नको. पान भाजतं आणि प्रयोग फसतो.

३. पान तोडून मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवा. मग गॅस बंद करा. छोट्या वाटीत स्पिरिट घ्या, ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा आणि पान स्पिरिटमध्ये टाका. स्पिरिट पटकन पेट घेतं, त्यामुळे आसपास ज्योत नको, खिडकी उघडी हवी आणि मुलांसोबत मोठं माणूस हवं.

४. स्पिरिट हिरवं होईल आणि पान फिकट पांढुरकं. ते कोमट पाण्यात धुऊन बशीत पसरा आणि वर पातळ केलेलं आयोडीन टाका.

उन्हात उघडा राहिलेला भाग निळा-काळा पडतो. पट्टीखालचा भाग आयोडीनच्याच तपकिरी रंगाचा राहतो. एकाच पानात, बोटभर अंतरावर, जिथे ऊन पोचलं तिथेच अन्न झालेलं दिसतं.

याहून सोपी कृती केळाचीच आहे. एक हिरवं कच्चं केळ, एक नुकतं पिवळं पडू लागलेलं आणि एक पूर्ण पिकलेलं घ्या. तिन्हींच्या चकत्यांवर आयोडीनचे थेंब टाका. कच्ची चकती काळीशार होते, पिकलेलीवर जेमतेम डाग उमटतो, मधली या दोन्हींच्या मध्ये. कच्च्या केळाच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा स्टार्च असतो आणि पिकताना त्याची साखर होते. म्हणजे घड झाडावर असताना पानांनी पाठवलेली साखर स्टार्चच्या रूपात साठवतो आणि आढीत ती परत साखर होते. चकत्या आयोडीन लावलेल्या आहेत, खाऊ नका.

पाणी जातं कुठे?

मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी ९७ टक्के किंवा त्याहून जास्त पाणी पानांतून हवेत उडून जातं. अन्न करायला लागणारं पाणी फारच थोडं. हे उधळेपण झाड हौसेनं करत नाही. पानावर बारीक छिद्रं असतात, केळीला ती खालच्या बाजूला जास्त. कार्बन डायऑक्साइड आत येण्यासाठी ती उघडावीच लागतात, आणि उघडली की आतली वाफ बाहेर पडते. हवा आत घ्यायची आणि पाणी राखायचं, या दोन्ही गोष्टी एकाच दारातून होतात.

सकाळी आठच्या सुमारास लिंबाच्या किंवा पेरूच्या पानांनी भरलेल्या फांदीवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चढवून तोंड सुतळीने घट्ट बांधा. शेजारच्या तेवढ्याच फांदीची पानं काढून तिच्यावरही तशीच पिशवी बांधा. दोन तासांनी पहिल्या पिशवीत थेंब ओघळलेले दिसतील, दुसरी जवळजवळ कोरडी. पिशवी दोन तासांत काढा, नाहीतर आतली पानं उकडतील.

आता हेच प्रमाण बागेवर लावा. १.५ बाय १.५ मीटरवर एकरी सुमारे १,८०० झाडं बसतात. मे महिन्यात मोठ्या झाडाला दिवसाला २० लिटर धरले तर एकराला रोज सुमारे ३६ हजार लिटर पाणी लागतं. गिरणा-तापीकाठच्या लोकांना ठिबक का परवडतं आणि का नाइलाजाचं आहे, ते या एका आकड्यात आहे.

जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा दुपारी बागेत उभं राहून पान पाहा. पानाचे दोन्ही अर्धे मधल्या शिरेवर दुमडून खाली लटकलेले असतात. उन्हाचा मारा कमी लागावा म्हणून झाड ते मुद्दाम करतं. छिद्रंही मिटलेली असतात. पाणी वाचतं, पण हवा आत येणं थांबतं आणि अन्नही थांबतं. श्वसन मात्र चालूच राहतं, म्हणजे कमाई बंद आणि खर्च सुरू. संध्याकाळी पान परत पसरलं तर काळजी नको. सकाळी सातलाही अर्धे खालीच असतील तर मुळांशी पाणी कमी आहे, किंवा मुळं सडली आहेत.

ज्वारी, मका, ऊस यांचं अन्न करण्याचं तंत्र वेगळं आहे. ते कार्बन डायऑक्साइड पानाच्या आत एकवटून ठेवतात, त्यामुळे छिद्रं थोडीच उघडी ठेवूनही उन्हात काम चालू राहतं. केळी आणि कपाशीला ही सोय नाही.

एवढं पाणी वर चढतं कसं?

विहिरीच्या काठावर ठेवलेली मोटार पाणी ठरावीक खोलीपर्यंतच ओढते. हवेच्या दाबाला पाणी सुमारे १० मीटरच वर ढकलता येतं. प्रत्यक्षात सहा-सात मीटरनंतरच मोटार कुरकुरते आणि ती खाली उतरवावी लागते. सातपुड्यातला साग पंचवीस-तीस मीटर उंच होतो आणि त्याला कुठलीच मोटार नाही. डिक्सन आणि जोली या दोघांनी १८९४ मध्ये याचं उत्तर मांडलं. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. पानातून एक रेणू उडाला की मागचा ओढला जातो, आणि ही ओढ सलग धाग्यासारखी मुळांपर्यंत पोचते. या नळ्या मेलेल्या पेशींच्या, आतून पोकळ असतात. हवेचा बुडबुडा शिरला की ती नळी बंद पडते.

पांढरी शेवंती किंवा निशिगंधाची काडी पाण्याखाली धरून तिरपी कापा, म्हणजे हवा शिरणार नाही. ती लगेच खाण्याच्या रंगाच्या दाट पाण्यात उभी करा. काही तासांत पाकळ्यांच्या शिरा रंगतात. पावसाळ्यात तेरडा मिळाला तर आणखी छान, त्याच्या काचेसारख्या खोडातून रंगाच्या रेषा चढताना दिसतात. मग खोड आडवं कापा. तेरड्यात रंगाचे ठिपके गोल कड्यात मांडलेले दिसतील. मक्याचं कोवळं ताट असंच रंगात ठेवून कापलं तर ठिपके सगळीकडे विखुरलेले. हा फरक पुढे लागणार आहे.

पाणी वर येण्याची दुसरीही एक रीत आहे. हिवाळ्यात पहाटे बागेत जा. दव पानाच्या सगळ्या पृष्ठभागावर असतं. काही थेंब मात्र फक्त पानाच्या कडेला ओळीने लागलेले दिसतात. गव्हाच्या कोवळ्या पातीच्या नेमक्या टोकावरही असाच एकेक थेंब असतो. ते दव नाही. रात्री पानातून पाणी फारसं उडत नाही, मुळं मात्र पाणी आत घेत राहतात आणि खालून दाब देतात. त्या दाबाने ते थेंब बाहेर येतात. केळीत हा दाब चांगलाच असतो, कापलेल्या खांबातून पाणी पाझरत राहतं ते त्यामुळेच. कडेचे थेंब दिसले की मुळं जिवंत आणि ओल पुरेशी, हे फुकटचं प्रमाणपत्र समजा.

साखरेची वाट

गुटी कलम बांधणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग नकळत केलेला आहे. डाळिंबाच्या किंवा लिंबाच्या फांदीची दोन-तीन सेंटिमीटर साल गोल काढायची, ओलं शेवाळ गुंडाळून प्लास्टिक बांधायचं. साल गेली तरी वरची पानं सुकत नाहीत, कारण पाण्याच्या नळ्या आतल्या लाकडात आहेत. काही आठवड्यांत कापाच्या वरच्या काठाला गाठ येते आणि मुळं तिथूनच फुटतात, खालच्या काठावरून नाही. पानांकडून खाली निघालेली साखर तिथे अडून साचलेली असते. साखरेच्या नळ्या सालीत असतात, हे तुमच्या हातानेच सिद्ध होतं. सगळ्या बुंध्याची साल गोल काढली तर मुळं उपाशी पडून झाड मरतं, म्हणून प्रयोग फांदीवरच करा. केळी, ज्वारी, मका यांवर तो होणार नाही. त्यांच्या नळ्या विखुरलेल्या असतात, साल अशी वेगळी निघतच नाही.

या नळ्या जिवंत पेशींच्या असतात. त्या कशा वाहतात हे जर्मनीच्या एर्न्स्ट म्युंख यांनी १९३० मध्ये मांडलं. पान साखर नळीत भरतं. साखर दाट झाली की शेजारच्या पाण्याच्या नळीतून पाणी आत शिरतं. त्याने दाब वाढतो आणि रस पुढे सरकतो. जिथे साखर काढून घेतली जाते, तिथे दाब उतरतो. म्हणजे साखर पुढे जायलाही पाणीच लागतं. घड भरताना झाडाला पाण्याचा ताण पडला तर दुहेरी मार बसतो: पान अन्न कमी करतं आणि केलेलं अन्न जागेवरून हलत नाही. “खत वेळेवर दिलं, तरी घड पोचट राहिला” या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

पोटॅशचं काम इथेच आहे. पानावरची छिद्रं उघडणं-मिटणं त्यावर चालतं आणि साखर नळीत भरायलाही त्याची मदत होते. पोटॅशने घड फुगतो हे खरं, पण ते भरायला पान हवं.

कपाशीवर मावा पडला की पानं चिकट होतात. मावा सोंड थेट साखरेच्या नळीत खुपसतो आणि जास्तीचा गोड रस मागून टाकतो. तो चिकटा म्हणजे बोंडांच्या वाट्याची साखर.

वाटेकरी कमी करा

साखर जिथे ओढ जास्त तिथे जाते. केळीत हे वाटेकरी म्हणजे घड, मुळं, पिलं (कंदातून फुटणारी नवी रोपं) आणि कमळ. निसवण होईपर्यंत वाढणारी पिलं जमिनीलगत कापत राहा. तलवारीसारख्या अरुंद पानांचं, जोमदार पील खोडव्यासाठी (त्याच कंदावरच्या पुढच्या पिकासाठी) ठेवायचं असेल तर एकच ठेवा आणि ते पुढच्या हंगामाचा हिशेब करून. शेवटची चांगली फणी उमलली की कमळ तोडा. तळाच्या बारीक, नीट न भरणाऱ्या फण्याही काढा. तोडताना हात थरथरतो, पण बाजारात वरच्या फण्यांचा भाव मिळतो.

साठवलेली साखर कशी फिरते ते पाहायचं असेल तर मार्च-एप्रिलमध्ये अक्कलकुवा-धडगावकडे जा. महूची पानं गळालेली असतात, आणि त्याच वेळी झाडाखाली गोड, गरदार फुलांचा सडा पडतो. पान नसताना ही साखर येते ती गेल्या पावसाळ्यात आणि हिवाळ्यात झाडाने खोडात साठवून ठेवलेल्या ठेव्यातून.

आता बागेत

ठिबक रोज, थोडं आणि पहाटे ते सकाळी. केळीची बहुतेक मुळं वरच्या ३०-४० सेंटिमीटरमध्ये असतात, त्यामुळे चार दिवसांचं पाणी एकदम दिलं तर ते मुळांच्या खाली निघून जातं. वीज रात्रीच येत असेल तर रात्री द्या, पण व्हॉल्व्ह चालू ठेवून झोपू नका. काळ्या मातीत पाणी तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही, आणि हवा नसेल तर मुळं पाणी ओढत नाहीत. कपाशीची आकस्मिक मर अशीच होते: लांबलेल्या उघडिपीनंतर जोरदार पाऊस पडतो, रानात पाणी साचतं आणि भर पाण्यात झाड कोमेजतं. त्यावर औषध शोधण्याआधी चर काढून पाणी बाहेर काढा.

पानं कापताना हात आखडता घ्या. वाळलेली आणि करप्याने निम्म्याहून जास्त गेलेली पानं काढा, हिरवी राहू द्या. वाऱ्याने पान फाटलं म्हणून ते काढू नका. शिरा मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत शेजारी-शेजारी जातात, म्हणून प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे जगते. चिंध्या बोटाएवढ्या झाल्या की मात्र नुकसान होतं. बागेच्या पश्चिमेला शेवरीची दाट रांग लावण्याची जुनी पद्धत म्हणून टिकली.

फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, आणि पानाच्या खालच्या बाजूलाही. थंडीत पारा १६ अंशांखाली गेला की नवीन पान निघणं जवळजवळ थांबतं. थंडीचा चरका बसलेल्या बागेला तेव्हा खताचा जादा डोस देऊन उपयोग नाही. पाणी असूनही एखादंच झाड खालच्या पानांपासून पिवळं पडत असेल तर खांब आडवा कापून पाहा. आत तांबूस-तपकिरी रेषा दिसल्या तर पाण्याच्या नळ्या बुरशीने बुजल्या आहेत, पनामा मर असू शकते. ते झाड कोयत्यासकट वेगळं ठेवा, कोयता निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका आणि कृषी विद्यापीठाच्या जळगावच्या केळी संशोधन केंद्राला दाखवा.

घड उतरवल्यावर निरोगी झाडाचा खांब लगेच जमिनीलगत उडवू नका. कंबरेएवढा ठेवा आणि टप्प्याटप्प्याने कापा. त्यातलं पाणी आणि अन्न कंदातून खोडव्याच्या पिलाकडे काही आठवडे जात राहतं, आणि खांब सुकून पिचका झाला की मग तो काढून बांधावर न टाकता सरीत आच्छादन म्हणून पसरवा.